जब्बारभाई आणि पहिलं पान

आमच्या डॉक्टरांनी बीपी मोजायचा पट्टा जब्बारभाईंच्या दंडाला गुंडाळला, तर यांनी तो सोडवून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "पयले तुमचा घ्या, डॉक्टर साहेब."

डॉक्टरांना वाटलं गंमत चालली आहे. पण जब्बारभाई गंमत करत नसत. डॉक्टरांनी मुकाट्यानं स्वतःचं बीपी मोजलं. मग कंपाउंडरला बोलावून त्याचं मोजायला लावलं. दोघांचे आकडे वेगवेगळे आले तेव्हा कुठं यांनी बाही वर केली. मी गुडघ्यासाठी गेले होते, बाकावर बसून सगळं पाहत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दोघाईचं सारखंच आलं असतं, भाभी, तं मी उठून घरी गेलो असतो."

कारंज्यात आमची दुकानं समोरासमोर. माझं बांगड्यांचं, त्यांचं गाद्या-रजायांचं. मधला रस्ता एवढा अरुंद की एक म्हैस आडवी झाली तर दोन्ही दुकानांचं गिऱ्हाईक थांबायचं. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते समोर बसलेले होते. कापूस पिंजून पिंजून भुवया पांढऱ्या, कानात कापूस, मिशीत कापूस. मला पहिल्यांदा म्हातारेच वाटले. नंतर कळलं, माणूस तिशीतला होता.

पिंजाऱ्याचं घराणं. मंडीत कापूस घ्यायला गेले की बोऱ्याच्या, म्हणजे पोत्याच्या, तोंडाशी ते बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसायचे, आत कुठं तरी मूठ वळायची आणि ती बाहेर काढून उन्हात धरायची. व्यापारी म्हणायचा, "अरे जब्बार, वर काय वेगळा आहे का?" यांचं एकच उत्तर. "मधातलं दाखव."

हे 'मधातलं दाखव' त्यांनी सगळीकडं चालवलं. डाळ घेताना, कांदे घेताना, इतकंच काय, थोरल्या मुलासाठी सोयरीक बघायला गेले तेव्हा मुलीच्या बापाशी न बोलता तिच्या मधल्या काकूशी तासभर बोलत बसले. मुलगी पसंत केली. ती सून चांगलीच निघाली, तेही खरं.

पण हे माणूस नुसतं दुसऱ्यावर संशय घेणारं असतं तर मी लिहायला बसले नसते. असे कारंज्यात पुष्कळ. जब्बारभाईंची गोष्ट अशी, की दुसऱ्यानं आपल्यावरही तेवढाच संशय घ्यावा असा त्यांचा हट्ट. गादी भरून झाली की तिच्या तीन बाजू शिवायचे आणि चौथी उघडी ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "हात घाला. कोपरापर्यंत घाला. पाहा मधात काय हाये ते." गिऱ्हाईकाचं पाहून झालं की त्याला समोर बसवून चौथी बाजू शिवायचे. एकदा तहसील कचेरीतले एक साहेब घाईत होते. म्हणाले, "राहू द्या हो, विश्वास आहे तुमच्यावर."

"माह्यावर कायले विश्वास? मी काय तुमचा मेहुणा हाये?"

साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि हात घातला.

माझ्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यांच्याच हातच्या. रोज समोरासमोर बसणारी आम्ही माणसं, तरी मलाही सुटका नाही. माझा हात आत गेला आणि दोन बांगड्या कापसात फुटल्या. मग त्यांनी सगळी गादी उपसून काच शोधली. पूर्ण दुपार गेली. रागावले मात्र माझ्यावरच. "बांगड्या काढून हात घालाव, एवढं बी समजत नाई? अन् दुकान बांगड्याईचं!"

आता नसरीनचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

नसरीन त्यांची मुलगी. अकोल्याला दिली होती. नवरा अपघातात गेला तेव्हा ती लहान लेकीला घेऊन कारंज्याला परत आली. हाताला चांगला टाका होता. रजाई अशी शिवायची की टाके मोजत बसावं. पण तोवर फोमच्या गाद्या आल्या होत्या. गुंडाळून डब्यात यायच्या, घरपोच. पिंजायची मशीन आठवड्यातले चार दिवस बंद राहू लागली. थोरला भाऊ पुण्यात होता, त्यानं शिवणाच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली. नसरीननं त्याला सांगितलं, "दिवाळीपर्यंत थांब. बाहेरगावचं काम आलं तर राहते, नाई तं येते." जब्बारभाई कारंजा सोडणार नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी जाऊ नये असं त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही. फक्त त्या दिवसांत ते मशीनला तेल फार घालायला लागले.

नसरीननं मोबाईल आणि एका जुन्या लॅपटॉपवर शिकत शिकत दुकानाची वेबसाइट केली. वेबसाइट झाली, पण कुणी येईना. मग ती मला म्हणाली, "काकू, लोक मोबाईलात काहीबाही लिहून शोधतात ना, तेव्हा दुकानाईची यादी येते. आपण त्या यादीत लय खाली हाओ. वर कसं जायचं, लोक नेमकं काय लिहून शोधतात, हे सांगणारे सॉफ्टवेअर असतात. एसईओ म्हणतात. तीन पाह्यले. तिन्ही पंधरा दिवस चाखायले देतात. मंग एकच ठेवायचं."

मला तिनं तिन्ही दाखवले. पहिलं परदेशातलं. नुसती रंगीत वर्तुळं. आमच्या वेबसाइटला त्यानं शंभरपैकी मार्क दिले होते, नापास होता होता वाचलो होतो. दुसरं आपल्याकडचंच, मोठ्या शहरातल्या कंपनीचं. त्यांचा माणूस रोज फोन करायचा. तिसरं अगदीच रुक्ष, रेशनकार्डासारखं. ते एवढंच सांगायचं, की लोकांनी कोणते शब्द लिहिले तेव्हा आपलं दुकान त्यांना दिसलं, आणि किती जणांनी त्यावर बोट ठेवलं. तेही दोन दिवस उशिरानं.

जब्बारभाई तिच्या खांद्यामागून बघत होते. पहिल्याकडं बोट करून म्हणाले, "मार्क दिले म्हणते. पेपर कोणी तपासला?"

"अब्बा, मशीन तपासते."

"मशीन कारंज्याले आली होती काय कधी?"

दुसऱ्या कंपनीचा माणूस त्याच वेळी फोनवर आला. नसरीननं आवाज मोठा केला. तो हिंदीत सांगू लागला, सर, हमारा टूल लो, तीन महीने में आपकी दुकान पहले पेज पर. जब्बारभाईंनी फोन हातात घेतला.

"बेटा, पहले पेज पर कितनी जगह रहती?"

"दस, सर."

"और आज सुबह से तूने कितने लोगों को पहला पेज बोला?"

मग तो म्हणाला, "सर, आप समझे नहीं."

"मैं समझा. दस जने की खाट पे तू सौ जने सुलाता." आणि फोन ठेवला.

नसरीन चिडली. म्हणाली, "तुमच्यानं काहीच होणार नाई, अब्बा. दुनियेत कोणीच खरं नाई काय?" पण दुसऱ्या दिवशी दुपारी, ती लेकीला शाळेतून आणायला गेलेली बघून, जब्बारभाई माझ्या दुकानात आले. हातात कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर एकच ओळ: कारंज्याची कापसाची हातशिलाई रजाई.

"भाभी, हे रोज चहा झाल्यावर मोबाईलात लिहाचं. यादीत आपलं दुकान दिसलं का त्याच्यावर बोट ठेवाचं. दिसलं नाई तं खाली खाली जायचं, दिसतवरी. दिवसातून एकच डाव. नसरीनले सांगू नका."

"काहून?"

"तिले समजलं तं परीक्षा कायची?"

अशा चिठ्ठ्या त्यांनी अकरा जणांना दिल्या. शिंपीणबाई, चक्कीवाली शारदा, जैन मंदिराजवळचे किराणावाले शेठ आणि त्यांची सून, हाफिजजींच्या घरच्या दोघी, असे. कोण रोज करतं, कोण नाही, याची फेरी मारून चौकशी करायचे. मंडीत कापसात हात खुपसणारा माणूस आता आमच्या फोनमध्ये डोकावायला लागला. शेठ वैतागले. म्हणाले, "जब्बार, माझ्यावर पण भरोसा नाही?" तर उत्तर आलं, "शेठ, भरोसा हाये म्हून तं फक्त एकडाव इचारतो."

आठवड्यानं त्यांनी नसरीनला साधेपणानं विचारलं, "'कारंज्याची कापसाची हातशिलाई रजाई' हे वाक्य कोणत्या सॉफ्टवेअरात काय म्हणते, पाय बरं."

पहिल्यानं सांगितलं, हे वाक्य कुणीच शोधत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, हजारो लोक शोधतात, भारतभर, आणि आकडा वाढतो आहे. तिसऱ्यानं दोन दिवस उशिरानं, रोजचे म्हणून एक आकडा दिला. दहा.

जब्बारभाईंचा चेहरा पडला. दुपारी मला म्हणाले, "हे बी खोटं. एक कमी दाखवते."

आणि मग ते गप्प बसले असते का? अकराही जणांकडं गेले. संध्याकाळी चक्कीवर उभे राहिले आणि शारदाला म्हणाले, "तुनं लिहिलं का नाई?" शारदा पिठानं पांढरी, हे कापसानं पांढरे. ती म्हणाली, "काका, माह्या मोबाईलातला नेटच संपला होता सोमवारपासून. तुमी नाराज होसान म्हून हो हो म्हटलं."

मी सांगते, त्या माणसाला मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. शारदा खोटं बोलल्याचा त्यांना आनंद झाला होता! दुकानात परत येऊन नसरीनला म्हणाले, "तिसरं ठेव. ते उशिरा सांगते, पण मोजून सांगते."

"तुमाले कसं माहीत?"

"मले माहीत हाये."

नसरीननं माझ्याकडं पाहिलं. मी बांगड्या पुसत बसले. बापानं एखादी वस्तू बिनतक्रार ठेव म्हणावी, हे तिला जन्मात पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. तिनं ठेवली.

इथंच ही गोष्ट थांबली असती, तर हसून विसरलो असतो. पण चूक पुढं झाली, आणि त्या चुकीत माझाही हात आहे. चिठ्ठ्या परत घ्यायला जब्बारभाई आलेच नाहीत. आम्हाला कुणी थांबा म्हटलं नाही. आम्ही रोज चहा झाला की लिहीत राहिलो. सवयच लागली, जपाची लागते तशी. मी माझ्या अनसिंगच्या बहिणीलाही सांगितलं. शेठच्या सुनेनं शिरपूरच्या माहेरी कळवलं. आपल्या नसरीनचं भलं होतंय, लिहा बाई. शारदानं नेट भरला आणि पाप धुवायचं म्हणून दोनदा लिहू लागली.

तिकडं नसरीन रोज सकाळी लॅपटॉप उघडायची. रजाईची ओळ सगळ्यात वर, आणि आकडा चढता. ती चालायची वेगळी, बोलायची वेगळी. एक दिवस रस्त्यापलीकडून ओरडून म्हणाली, "काकू, लोकाईले रजाईच पाह्यजे! गादी नाई, रजाई! आता भावाले फोन करते, नाई येत म्हणून सांगते. अन् रजायाईसाठी कापड आणते, ठाणच्या ठाण."

मी "वा वा" म्हटलं. आणि मग हातातली बांगडी तशीच राहिली. मनात काहीतरी टोचलं. फोन उघडून ती ओळ वाचली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पण मी उठायच्या आत समोरून जब्बारभाईच आले. बसले. चहा दिला, घेतला नाही.

"भाभी, तुमी अजून लिहून राह्यल्या काय?"

"रोज."

"कोणी सांगतलं?"

"तुम्हीच ना!"

"मी आठ दिवसाचं म्हटलं होतं."

"नाही हो. तुम्ही किती दिवस ते काहीच म्हटलं नव्हतं."

त्यांनी खरंच म्हटलं नव्हतं, मला पक्कं आठवतं. विसरले असतील. किंवा पोरगी रोज सकाळी हसत उठत होती, ते त्यांना थांबवावंसं वाटलं नसेल. दोन्हीपैकी काय, हे मी त्यांना विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, आजही मला संशय आहे. ज्या माणसानं डॉक्टरच्या मशीनवर संशय घेतला, तो आपल्याच अकरा चिठ्ठ्या विसरतो? पण त्या दिवशी ते उठले आणि रस्ता ओलांडून सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, तेही मी पाहिलं.

"नसरीन, भावाले फोन करू नको."

"काहून?"

"ते रजाईवालं वाक्य आमचं हाये. मी लिहून दिलं. शेठ लिहितात, शारदा लिहिते, समोरच्या भाभी लिहितात. परीक्षा घेतली होती. बंद कराचं राहून गेलं."

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती बापाकडं वळली. ओरडली नाही, हळूच बोलली, म्हणून जास्त लागलं.

"अब्बा, साऱ्या दुनियेचा बोरा तुमी मधातून पाहता. अन् माह्या बोऱ्यात तुमीच भेसळ केली?"

जब्बारभाईंना कुणी असं म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. ते मशीनजवळ जाऊन बसले, मशीन सुरू न करता.

दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. माझ्याशीही ती बोलली नाही. समोर बसून न बोलणं किती जड जातं, ते दुकानदारालाच माहीत. नजर जाते, परत आणावी लागते. आम्ही सगळ्यांनी लिहिणं बंद केलं. अनसिंगला फोन करून बहिणीला सांगितलं, तर तिला वाटलं आमचं भांडण झालं.

तिसऱ्या दिवशी नसरीन लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आली. राग होता, पण बसली. म्हणाली, "तुमची ती ओळ काढून टाकली, काकू. आता बाकी राह्यलं ते वाचा."

फार नव्हतं. आठ-दहा ओळी. त्यांचे आकडेही असे एक, तीन, दोन. पण वाचल्या आणि मी चष्मा पुसला. 'जुनी गादी पिंजून देणारे'. 'कापसाची गादी दबली काय करावे'. 'घरची गादी परत भरून मिळेल का'. 'पिंजारी कुठे आहे'. रजाई कुणालाच नको होती. नवीन काही नकोच होतं. घरात होतं तेच लोकांना परत मऊ करून पाहिजे होतं.

"पिंजारी कुठे आहे," असं वाचून तिनं मान वर केली. समोर मशीनजवळ पिंजारी बसला होता.

ती उठली. बापाजवळ जाऊन काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, मधे टेम्पो आला. टेम्पो गेला तेव्हा जब्बारभाई लॅपटॉपवर वाकले होते आणि विचारत होते, "हे तरी कोणी लिहिलं? शेठ तं नाई ना?"

"नाई, अब्बा."

"शारदा?"

"अब्बा!"

भावाला तिनं संक्रांतीपर्यंतची मुदत मागितली. वेबसाइटवरून नव्या रजायांचे फोटो काढले आणि लिहिलं, जुनी गादी आणा, तुमच्यासमोर उसवू, तुमच्यासमोर पिंजू, तुमचाच कापूस परत भरू. वर बापाचा फोटो टाकला, पांढऱ्या भुवयांसकट. ते फोटोवरूनही कटकट करत होते, की फोटो बघून माणूस येईल आणि काम बघून जाईल, तर फोटो कशाला. तिनं ऐकलं नाही. दोन महिन्यांत वेबसाइट यादीच्या पहिल्या पानावर आली का, हे मी विचारलं, तर म्हणाली, "सहावं-सातवं पान कुठंतरी. पण काकू, ज्याले पिंजारी पाह्यजे तो खालवरी शोधते."

माझी जब्बारभाईंशी शेवटची भेट संक्रांतीच्या आठवड्यातली. त्यानंतर मी अकोल्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि परत आले तोवर ते गेले होते. त्या दुपारी ते दुकानासमोर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. दम लागायचा, मशीन आता नसरीनच चालवायची. एक ऑटो थांबला. त्यातून एक बाई उतरली, मंगरूळपीरकडची. सुती साडीत बांधलेली जुनी गादी तिनं ओढून खाली घेतली.

जब्बारभाईंनी तिची वाट अडवली. "कोणी धाडलं?"

"कोणी नाई, बाबा. मोबाईलवर पाह्यलं."

"मोबाईलात काय लिहिलं होतं?"

बाई गोंधळली. काय चूक झाली तिला कळेना. "लिहिलं का... आईची गादी हाये, टाकाची नाई, पिंजून पाह्यजे. असंच काही. मंग तुमचं नाव निंगालं."

त्यांनी वळून रस्त्यापलीकडं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी दोन्ही हात वर केले आणि मान हलवली. माझं काही नाही, शपथ. तरी त्यांनी बाईला विचारलंच, "ह्या समोरच्याईले ओळखता?"

बाईनं मला नीट न्याहाळलं. "नाई बाप्पा. कोण हायेत?"

"चक्कीवाल्या शारदाले?"

"मी कारंज्यात पयल्यांदाच आली."

जब्बारभाई खुर्चीतून उठले. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं खुर्ची बाईकडं सरकवली आणि पिंजायच्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, दम लागत असताना, ओरडले, "नसरीन! बाहेर ये, नसरीन! हिले आपल्यापैकी कोणीच ओळखत नाई!"